तापाचा आज कितवा दिवस? आमच्या दवाखान्यातील बदल आणि पावसाळ्यापूर्वीच्या सूचना

सत्तरीची परिचारिका

नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे आमच्या गावात ग्रामस्थांच्या वर्गणीवर एक छोटा दवाखाना चालतो. तेथे या महिन्यापासून काही बदल केले आहेत. काजूचा हंगाम सरत आला आहे, पाऊस तोंडावर आहे आणि तापाचे रुग्ण वाढण्याचा काळ हाच असतो, म्हणून ते बदल आणि त्यांमागचे कारण सविस्तर मांडते. आसपासच्या गावांतील मंडळींनाही त्यातून काही घेता येईल.

पहिला बदल वेळेचा आहे. तापाचे रुग्ण आता सकाळी दवाखाना उघडताच, इतरांच्या आधी तपासले जातील. कारण रक्ताचे नमुने आरोग्य केंद्राकडे नेणारी गाडी दुपारपूर्वी निघते आणि संध्याकाळी घेतलेला नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहतो. हिवतापाची झटपट चाचणी मात्र दवाखान्यातच होईल आणि तिचा निकाल रुग्ण बसलेला असतानाच मिळेल. बसण्याची सोय बाहेरच्या व्हरांड्यात केली आहे, तेव्हा खोकला असलेल्यांनी कृपया तेथेच थांबावे.

दुसरा बदल एका कागदाचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक तापाच्या रुग्णाला आम्ही एक ताप-पत्रिका देत आहोत. ताप पहिल्यांदा कोणत्या तारखेला आणि साधारण कोणत्या वेळी जाणवला, त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत माणूस कोठे कोठे होता (काजूची बाग, रान, कुळागर, चिखलाची शेती, चिरेखाण, इमारतीचे बांधकाम, परराज्यातील प्रवास), कोणती औषधे आधीच घेतली आणि लघवी शेवटची केव्हा झाली, एवढेच तिच्यात लिहायचे आहे. त्याखाली सकाळ-संध्याकाळच्या तापाचे आकडे भरायचे.

दवाखान्यात येणारा माणूस ताप किती चढला हे अगदी अचूक सांगतो, पण तो केव्हा सुरू झाला असे विचारले की घरातील तिघे तीन वेगळे दिवस सांगतात. प्रत्यक्षात उपचाराची दिशा ठरते ती या दिवसावरून. डेंग्यूचेच पाहा. एनएस-१ ही चाचणी रक्तात डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधते आणि पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांची, चाचणी करावी लागते, आणि तीच दुसऱ्या दिवशी केली तर डेंग्यू असूनही ती नकारात्मक येऊ शकते. विषमज्वरासाठी (टायफॉइड) सर्रास केली जाणारी विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात फारशी भरवशाची नसते. त्या काळात प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, अधिक योग्य ठरते. हिवतापाच्या रक्तपट्टीत (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात) एकदा जंतू दिसले नाहीत, म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही. संशय कायम असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा पट्टी घ्यावी लागते. दिवस माहीत नसेल तर चाचणी चुकीच्या वेळी होते, पैसे जातात आणि सर्वांत वाईट म्हणजे घरच्यांना खोटा दिलासा मिळतो.

डेंग्यूतील धोक्याची वेळ तर ताप उतरतानाची असते, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो, घरचे निश्चिंत होतात, रुग्णाला नुस्ते-भात (मासे-भात) वाढला जातो, आणि नेमक्या त्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, विलक्षण सुस्ती किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मी अनेक वर्षे शासकीय सेवेत काढली. उशिरा आणलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांचे एकच वाक्य असायचे, “पण ताप तर गेला होता.”

घरी काय करावे, हे थोडक्यात सांगते. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे. प्रौढांनी ५०० किंवा ६५० मिलीग्रॅमची गोळी किमान चार ते सहा तासांच्या अंतराने घ्यावी आणि चोवीस तासांतील एकूण मात्रा कोणत्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून याहून बरीच कमी घ्यावी. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, शहाळ्याचे पाणी, आटवल (मऊ भात), ओआरएस, जे पोटात राहील ते थोडे थोडे पण दिवसभर देत राहावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पातळ पदार्थ किती द्यावेत हे डॉक्टरच ठरवतील. किमान सहा तासांतून एकदा लघवी होत आहे ना, याकडे लक्ष ठेवावे.

प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.

डिचोलीची आई

ताई, अतिशय उपयुक्त माहिती दिलीत. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याला ताप आला की १०३ अंशांपर्यंत जातो आणि घरात सर्वांची धावपळ उडते. सासूबाई कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगतात, तर शेजारच्या काकू अंग पूर्ण झाकून घाम काढायला सांगतात. मागील वर्षी त्याला तापात एकदा झटका आला होता, तेव्हापासून मी ताप दिसला की लगेच औषध पाजते. औषधाची बाटली प्रत्येक वेळी वेगळी मिळते आणि मात्रेबाबत मनात भीती राहते. याविषयी मार्गदर्शन करावे.

म्हापशाचा औषधविक्रेता

डिचोलीच्या ताईंचा मात्रेचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून त्यापुरते मी लिहितो. बाकीचे परिचारिकाताई सांगतीलच.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये गोंधळ होतो तो बाटलीवरील आकड्यामुळे. एका बाटलीत ५ मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्याच ५ मिलीलिटरमध्ये २५० मिलीग्रॅम असते आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत तर अवघ्या १ मिलीलिटरमध्ये १०० मिलीग्रॅम असते. त्यामुळे “एक चमचा द्या” हे सांगणे अर्धवट आहे. मात्रा वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसभरात चारपेक्षा अधिक वेळा नाही. मूल १२ किलोचे असेल तर एका वेळची मात्रा १२० ते १८० मिलीग्रॅम होते. म्हणजे १२० च्या बाटलीतून ५ ते ७.५ मिलीलिटर, परंतु २५० च्या बाटलीतून साधारण अडीच ते साडेतीन मिलीलिटर. स्वयंपाकघरातील चमचा वापरू नये, बाटलीसोबतचे मापच वापरावे. फार्मसीत येताना मुलाचे वजन आणि शक्य असल्यास आधीच्या बाटलीचे छायाचित्र आणावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी दोन गोष्टी लिहितो. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरीही जुनी चिठ्ठी दाखवून ते मागणारे पालक अजून येतात. त्यांना नकार दिला की रागावतात. त्यांनी रागवावे, पण मी ते देणार नाही. दुसरे असे की अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ही औषधे टाळावीत, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी ज्यांना रोजची ॲस्पिरिन दिलेली आहे, त्यांनी मात्र ती परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. ज्या पाकिटावर उभी लाल रेषा असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नये आणि आमच्यापैकी कोणी देऊही नये.

सत्तरीची परिचारिका

दादांनी मात्रेचा विषय इतका नेमका मांडला आहे की त्यात मला काही जोडायचे नाही.

डिचोलीच्या ताई, सासूबाई आणि काकू दोघींच्याही सांगण्यामागे माया आहे, पण बर्फाचे किंवा फार गार पाणी नको आणि गोधडीत गुंडाळणेही नको. गार पाण्याने मूल कुडकुडते आणि त्या कुडकुडण्यानेच शरीराची उष्णता वाढते. पातळ सुती कपडे घालावेत, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि मूल फारच अस्वस्थ असेल तर कोमट पाण्याने अंग पुसावे. औषध देण्याचा हेतू आकडा उतरवणे हा नसून मुलाला बरे वाटावे, ते पाणी प्यावे, झोपावे हा असतो. १०२ ताप असूनही खेळणारे मूल मला १०० ताप असलेल्या आणि डोळे न उघडणाऱ्या मुलापेक्षा कमी काळजीचे वाटते.

झटक्याविषयी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांना तापात झटका येतो. पाहणाऱ्याचा जीव उडतो हे खरे, परंतु बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि त्यांमुळे मेंदूला इजा होत नाही. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळात वेळ पाहावी. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, एका दिवसात पुन्हा आला, किंवा नंतर मूल शुद्धीवर आले नाही तर थेट इस्पितळ गाठावे. पहिल्यांदाच झटका आला असेल तर तो थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तापाचे औषध वेळेवर दिल्याने झटका टळतोच असे नाही, तेव्हा एखादी मात्रा उशिरा दिली गेली म्हणून आईने स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर घरी कोणताही उपाय न करता बाळाला त्याच वेळी इस्पितळात न्यावे. या वयात दुसरा विचार करू नये.

कुळागरवाला

मी सत्तरीतलाच आहे. आमच्या काजूच्या बागा रानाला लागून आहेत आणि हंगामात संपूर्ण कुटुंब बोंडू गोळा करायला उतरते. माकडतापाबद्दल आमच्या भागात अजूनही भीती आहे. दोन प्रश्न आहेत. हा ताप साध्या तापापेक्षा वेगळा कसा ओळखावा? आणि एकदा उतरलेला ताप आठ-दहा दिवसांनी पुन्हा आला, तर तो नवा आजार समजावा की जुनाच?

सत्तरीची परिचारिका

काका, पत्रिकेवर “कोठे होता” हा रकाना आम्ही मुख्यतः याच आजारासाठी ठेवला आहे.

माकडताप म्हणजे क्यासनूर अरण्यातील ताप. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या क्यासनूर रानात १९५७ मध्ये तो प्रथम ओळखला गेला, आणि आपल्या सत्तरीत पाली गावात २०१५ मध्ये त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना त्याची बाधा अधिक झाली, कारण हा आजार पसरवणाऱ्या पालापाचोळ्यातील बारीक गोचिडी त्याच हंगामात मोठ्या संख्येने असतात. माणसापासून माणसाला तो होत नाही, त्यामुळे रुग्णाच्या घराकडे जाणे टाळण्याचे कारण नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण त्या काळात काही कुटुंबांना शेजाऱ्यांच्या दुराव्याचा फार त्रास झाला.

पहिल्या दिवशी केवळ पाहून तो ओळखता येत नाही. गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, कंबर आणि पायांचे स्नायू पिळवटून टाकणारी वेदना, पुढे उलट्या-जुलाब आणि काहींना रक्तस्राव, असा त्याचा क्रम असतो. नेमके निदान रक्ताच्या आरटी-पीसीआर चाचणीने होते आणि तीही आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत केली तर अधिक उपयोगी ठरते. त्यामुळे हंगामात बागेत जाणाऱ्या माणसाला ताप आला तर “उन्हाने आला असेल” म्हणून दोन-तीन दिवस काढू नयेत. त्यावर विषाणूनाशक औषध नाही. द्रवपदार्थ, विश्रांती आणि रक्तस्रावावर नजर हाच उपचार आहे, आणि तो वेळेवर मिळाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पूर्वी दिली जाणारी लस आता दिली जात नाही, म्हणून प्रतिबंधावर सगळा भर द्यावा लागतो. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल लावावे, पाचोळ्यावर बसू नये, आणि घरी येताच गरम पाण्याने अंघोळ करून कपडेही गरम पाण्यात भिजवावेत. रानात किंवा बागेत मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता, त्या जागेपासून दूर राहून, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

तुमचा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. माकडतापात काही रुग्णांचा ताप उतरतो, एक-दोन आठवडे बरे जातात आणि पुन्हा ताप येतो. या दुसऱ्या फेरीत डोकेदुखी, मान आखडणे, हातापायांना कंप, भ्रम अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसू शकतात. लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप) असा दुसरा टप्पा येतो. त्यात डोळे लाल होणे, पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणे, कावीळ, लघवी घटणे ही लक्षणे पाहावीत. चिखलात उतरून लावणी करणाऱ्यांना आणि पायाला भेगा किंवा जखम असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. म्हणून परतलेला ताप नवा समजू नये. जुनी पत्रिका सोबत घेऊनच यावे.

रानाशी संबंध असलेल्या तापात आणखी एक गोष्ट घरीच पाहता येते. काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्त्रियांच्या स्तनाखालची जागा येथे सिगारेटने भाजल्यासारखा, न दुखणारा काळा खपला आहे का, ते पाहावे. तो स्क्रब टायफसचा, म्हणजे झुडपांतील बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाचा, असू शकतो. हा आजार डॉक्सिसायक्लिनने चांगला बरा होतो, परंतु खपला झाकलेल्या जागी असल्याने आणि दुखत नसल्याने रुग्ण तो सांगत नाही. आमच्या दवाखान्यात स्त्रियांना तपासताना आता परिचारिका आवर्जून हे पाहतात. संकोच करू नये.

मडगावकर

आमच्या शेजारी डेंग्यूचा रुग्ण आहे. प्लेटलेट ६० हजारांवर आल्या म्हणून घरचे पपईच्या पानांचा रस तासातासाला पाजत आहेत आणि रक्तपेढ्यांना फोन करत आहेत. रुग्णाला त्या रसाने उलट्या होत आहेत. काय सांगावे?

फोंड्याचे निवृत्त वैद्यकीय अधिकारी

आधी रस थांबवायला सांगा आणि रुग्णाला आताच इस्पितळात न्यायला सांगा. वारंवार उलट्या हे स्वतःच धोक्याचे लक्षण आहे आणि रस देत राहिल्यामुळे उलटी आजाराने होते की रसाने, हेच कळेनासे होते.

प्लेटलेटच्या आकड्याने आपल्याकडे जी घबराट होते, ती अनाठायी आहे. रक्तस्राव नसेल तर ६० हजारांवर प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. साधारणतः आकडा १० हजारांच्या खाली गेला किंवा प्रत्यक्ष रक्तस्राव सुरू झाला तरच तो विचार होतो. डेंग्यूमध्ये रुग्ण दगावतो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. म्हणून आम्ही प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहतो : प्लेटलेट उतरत असताना हिमॅटोक्रिट चढू लागले, तर रक्त घट्ट होत आहे आणि द्रवाची तातडीने गरज आहे, असा त्याचा अर्थ. पपईच्या पानांवर काही अभ्यास झालेले आहेत, परंतु त्यामुळे झिरपणे थांबते किंवा जीव वाचतो असे सिद्ध झालेले नाही. नातेवाइकांनी आकड्यांचा पाठलाग करण्याऐवजी रुग्ण पितो किती आणि लघवी किती होते, हे लिहून ठेवले तर डॉक्टरांना त्याचा खरा उपयोग होईल.

मडगावकर

धन्यवाद, डॉक्टरसाहेब. त्यांना दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळात नेले आहे. सलाइन सुरू केले असून रात्रभर देखरेखीखाली ठेवणार आहेत.

पर्वरीतील बांधकाम पर्यवेक्षक

आमच्या कामावर परराज्यातील मजूर आहेत. त्यांची आरोग्य तपासणी आणि आरोग्य पत्रिका आम्ही नियमाप्रमाणे करून घेतो. तरीही एका मजुराला हिवताप निघाला, औषध दिले, बरा झाला आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच ताप. त्याला पुन्हा डास चावला असेल का?

सत्तरीची परिचारिका

तसे असू शकते, पण आधी त्याने औषधाचा क्रम पूर्ण केला होता का, हे विचारावे. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात येतात. क्लोरोक्विन तीन दिवसांत संपते, ताप जातो, माणूस कामावर रुजू होतो आणि यकृतातील जंतूंसाठी दिलेली प्रायमाक्विनची १४ दिवसांची पुडी अर्ध्यावर खिशात राहते. मजुराचा दोष म्हणून हे सोडून देऊ नये. खाडा धरला जाईल या भीतीने तो तपासणीला पुन्हा येत नाही, आणि येथे तुमच्यासारख्या पर्यवेक्षकांनी मनावर घेतले तर बरेच काही होऊ शकते. सकाळी हजेरी घेतानाच गोळी समोर घ्यायला लावावी, तीही काही खाल्ल्यानंतर. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत, आणि जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. गोळी सुरू केल्यावर लघवी गडद तांबडी-काळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर ती लगेच थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. या वेळी रक्तपट्टी नव्याने घ्यावी आणि आधीच्या उपचाराचा कागद सोबत द्यावा.

डासांसाठी स्लॅबवर साठवलेले पाणी, लिफ्टचा खड्डा आणि उघडी पिंपे आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करावीत, कारण अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. आमच्या बाजूला हेच काम नारळाच्या करट्या, पोफळीच्या विऱ्या आणि सोडून दिलेल्या चिरेखाणींबाबत करावे लागते. खाणीतील पाणी उपसता येत नाही, तेथे डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडण्यासाठी आरोग्य केंद्राशी बोलणे सुरू आहे.

कुळागरवाला

पत्रिकेचा नमुना आमच्या वाड्यावरही हवा आहे. आमच्याकडे बऱ्याच घरांत वयस्कर माणसे एकटीच राहतात आणि त्यांना लिहिता येत नाही.

सत्तरीची परिचारिका

काका, कोरे नमुने दवाखान्यात ठेवले आहेत, हवे तेवढे न्यावेत. लिहिता न येणाऱ्यांसाठी सोपी पद्धत अशी ठरवली आहे की ताप जाणवला त्याच दिवशी भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती गोल करायचा आणि औषधाची प्रत्येक गोळी घेतल्यावर त्या दिवसाच्या चौकटीत एक रेघ ओढायची. आशाताई फेरीवर आल्या की तेवढे पाहून पत्रिका भरतील. वयस्करांना ताप फारसा न चढताही गंभीर आजार असू शकतो, तेव्हा एकट्या राहणाऱ्या कोणी जेवण टाकले, बोलण्यात गोंधळ होऊ लागला किंवा अंथरुणातून उठवेना झाले, तर ताप न मोजताही आम्हाला कळवावे. चवथीपर्यंत दवाखाना रविवारीही सकाळी उघडा राहील.